मनगटातलं भोक

माझे दोन हात लहानपणापासून दोन वेगळ्या खात्यांत नोकरीला आहेत. उजव्याकडे मानाचं खातं: जेवणं, प्रसाद घेणं, कुणाला काही देणं, दिवा लावणं. डाव्याकडे कष्टाचं: कात्री चालवणं, खडूनं आखणं, कापडाचा गठ्ठा उचलणं. मी जन्माचा डावखुरा आणि घराणं शिंप्याचं. आमचे कुणीतरी पूर्वज सातारा सोडून बेंगळुरूला आले, ते इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडणात दोन्ही.

हातांची ही वाटणी आईवडिलांनी तोडपाणी करून केली. मी डाव्या हातानं घास उचलला की आई दुकानातली लाकडी पट्टी आणून ताटाशेजारी ठेवायची. मारायची नाही, नुसती ठेवायची. तेवढं पुरायचं. वडिलांनी मात्र उजव्या हातात कात्री देऊन पाहिली आणि मी कापलेलं अस्तर उंदरानं खाल्ल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा ते गुपचूप पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, एका दुकानातून डावखुऱ्यांची कात्री घेऊन आले. तिची पाती उलटी बसवलेली असतात. आजही आमच्या दुकानात त्या कात्रीनं माझ्याशिवाय कुणाला काही कापता येत नाही, त्यामुळे ती कधी हरवत नाही. आईनं अट घातली: काम डाव्यानं कर, पण माणसांसमोर हात पुढे करायचा तो उजवाच. ती अट मी पन्नाशीतही पाळतो आणि तिचा काय प्रताप झाला तेच सांगायला बसलोय.

के. आर. पुरमला स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं दुकान. मशीनवर बायको आणि दोन कामगार बसतात. शिवणारे हात पुष्कळ, पण कापणारा हात एकच, माझा डावा. लग्नाच्या कपड्यांना मात्र पहिली कात्री उजव्या हातानं लावायची, असा शेजारच्या गल्लीतल्या अक्कांचा दंडक. अक्का म्हणजे आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातल्या, माझ्या आईच्या मैत्रीण. लग्नाचं कापड घेऊन त्या टेबलासमोर उभ्याच राहतात. त्यांच्यासाठी मी एक साधी कात्री वेगळी ठेवलीय. उजव्या हातानं काठाला बोटभर चीर देतो, अक्का कापडाला हळदकुंकू लावतात, ‘सरी,’ म्हणजे ठीक, ‘आता काप’ म्हणतात आणि जातात. त्या वळल्या की कात्री बदलते आणि हातही. अक्कांना हे ठाऊक आहे. मला ठाऊक आहे की त्यांना ठाऊक आहे. असं वर्षानुवर्षं छान चाललंय.

तर गेल्या वर्षी डावं मनगट दुखायला लागलं. करंगळीच्या बाजूला. कात्री मिटताना आत ‘कट्ट’ व्हायचं आणि कळ कोपरापर्यंत चढायची. कुलूप उघडेना, ओला टॉवेल पिळवेना. बायको म्हणाली, “टॉवेल तर तुम्ही आधीही पिळत नव्हता.” पण तिनंच मग हळद लावली, शेक दिला, शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं ठीक होती. पण तर्जनीच्या टोकाशी एक लखलखीत रेघ दिसत होती.

“हे काय?”

“ते होय? मशीनच्या सुईचं टोक,” मी म्हणालो. “तरणा होतो तेव्हा चालत्या मशीनवरून समोरच्या रस्त्याकडे बघत होतो. सुई बोटात शिरली आणि मोडली. टोक आतच राहिलं.”

“रस्त्यावर काय होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत उत्तर बायकोनं दिलं. “मी होते.”

डॉक्टर हसले, पण त्या टोकामुळे एमआरआय नको म्हणाले. त्या यंत्रात जबरदस्त लोहचुंबक असतो, आणि सुईचं टोक शेवटी लोखंडच. म्हणून दुसरी तपासणी: सांध्यात डाय सोडून सीटी स्कॅन. त्यांनी कागदावर मनगट काढून दाखवलं. करंगळीच्या बाजूला हाडांच्या मध्ये कूर्चेची एक छोटी गादी असते. तिच्या अलीकडे एक सांधा, पलीकडे दुसरा. गादी धड असेल तर अलीकडे सोडलेला डाय अलीकडेच राहतो. भोक असेल तर पलीकडे झिरपतो, आणि स्कॅनमध्ये ते भोक नेमकं दिसतं.

“आणि दिसलं तर?”

“तर बहुतेक ऑपरेशन. नंतर तीन-चार महिने कात्री विसरायची. पुढं जोर किती येईल ते तेव्हा बघू.”

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं. घरी येताना रिक्षात बायको अक्कांच्या नातीच्या लग्नाबद्दल बोलत होती. सगळं कापड आमच्याकडे येणार होतं. मी डावं मनगट मांडीवर ठेवून बसलो होतो, एखादं पाहुण्यांचं मूल सांभाळायला दिल्यासारखं.

स्कॅनच्या दिवशी आम्ही दोघं लवकर पोचलो. बाहेर बाकावर बोम्मसंद्र्याच्या कुठल्याशा कारखान्यातला एक धिप्पाड फिटर बसला होता. त्याचं कोपर मधेच अडकायचं, सरळच व्हायचं नाही. आत हाडाचा सुटा तुकडा फिरतोय असा संशय होता, म्हणून कोपरात डाय सोडून स्कॅन. त्याला आत नेलं. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला तेव्हा कोपरापाशी छोटी पट्टी होती.

“नोवु?” मी विचारलं. दुखलं का?

“स्वल्प,” तो म्हणाला, म्हणजे थोडंसं, आणि पट्टीकडे बोट दाखवलं.

ती पट्टी बघून माझं सगळं शंकानिरसन झालं. कोपरापाशीच तर रक्ताची शीर सापडते. बायकोच्या पित्ताशयाच्या स्कॅनच्या वेळीही शिरेतून डाय दिला होता आणि तो हातातून पोटापर्यंत बिनबोभाट गेला होता. म्हणजे हा डाय रक्तातून फिरत फिरत आपापल्या मुक्कामी उतरतो. डॉक्टरांनी ‘सांध्यात सोडायचा’ म्हटलं होतं, पण ते मी मुक्कामाचं नाव समजलो. रस्ता शिरेतूनच असणार. मग दुखऱ्या हाताला सुई कशाला टोचून घ्या? आत गेल्यावर टेक्निशियन म्हणाला, “कै कोडि,” म्हणजे हात द्या, आणि मी उजवा हात दिला. ऐटीत दिला. त्यानं पालथ्या मनगटावर पेननं फुली मारली. मला वाटलं, शीर हेरून ठेवली.

“इदे ना?” त्यानं विचारलं. हाच ना?

“इदे,” मी म्हणालो. दुखावलेल्या हाताला वगळल्याबद्दल मला तर स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

तो मला एक्स-रेच्या पडद्यापाशी घेऊन गेला, हात टेबलावर पालथा ठेवला, जंतुनाशक लावलं, वर हिरवं कापड पसरलं. कापडाला मधे गोल भोक होतं आणि त्याच्या कडा इतक्या वाईट शिवल्या होत्या की माझं सगळं लक्ष तिथंच. तेवढ्यात स्कॅन करणाऱ्या डॉक्टर आल्या. तरुण होत्या. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते.

मला आयोडीनची ॲलर्जी, दमा, मूत्रपिंड वगैरे प्रश्न त्यांनी हिंदीत विचारले. मी उत्तरं दिली. मग त्यांच्या हातातली सुई कापडाच्या भोकाशी आली आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “अगं आई गं!”

डॉक्टर थांबल्या. “काका, तुम्ही मराठी?”

“नाहीतर काय!”

“अरे वा! मी नागपूरची. इथं पेशंटशी मराठी बोलायलाच भेटत नाही ना. कुठले तुम्ही?”

आता हा प्रश्न बेंगळुरूतल्या जुन्या मराठी माणसाला विचारायचा म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. मी सातारा सांगितलं, पूर्वज सांगितले, कापडाचे गठ्ठे सांगितले. त्या बधिर करणारं इंजेक्शन देत होत्या, मी कहाणी रंगवत होतो. मधेच मी “स्वल्प हळू हं, ताई” म्हणालो आणि त्या इतक्या हसल्या की टेक्निशियननं आळीपाळीनं दोघांकडे बघितलं. त्यांनी सर्जापूर रोडला घर घेतलं होतं. पडदे शिवून देणारा कुणी भेटत नव्हता. मी म्हणालो, पडदे माझ्याकडे. त्या म्हणाल्या, सावजी मसाला आईनं पाठवलाय, तो तुमच्याकडे. परक्या गावात आपलं माणूस भेटल्याच्या आनंदात तुम्ही कुठले हे विचारून झालं. कुठला हात हे मात्र राहिलं.

सुई मनगटातच शिरली तेव्हा मी जरा चमकलो. शीर एवढी खोल? पण बधिरपणामुळे फक्त दाब जाणवत होता, आतून कुणी उशी फुगवल्यासारखा. पडद्यावर माझी हाडं दिसत होती आणि त्यांच्यामधून डाय शाईसारखा सरकत होता. डॉक्टरांनी सुई काढली, मनगट हळूहळू वरखाली आणि आजूबाजूला हलवलं. डाय नीट सगळीकडे पोचायला हे लागतं म्हणाल्या. मग त्या पडद्याजवळ वाकल्या.

“काका, हे बघा. इथून पलीकडे गेलंय. भोक आहे.”

सातारा, पडदे, सावजी, सगळं विसरलो. तीन-चार महिने. पुढं जोर किती येईल ते तेव्हा बघू.

डॉक्टरांनी यंत्र जरा बोटांकडे सरकवलं. मग परत मागे. पुन्हा पुढे.

“पण तुमच्या एक्स-रेत मशीनच्या सुईचं टोक होतं ना? तर्जनीत? ते दिसत नाहीये.”

“ते इथं कसं दिसेल? ते डाव्या हातात आहे.”

“आणि दुखतो कोणता?”

“डावाच की.”

टेक्निशियननं फायलीतली चिठ्ठी काढली, वाचली, आणि “अय्यो” म्हणून कपाळाला हात लावला.

“काका,” डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या, “दुखतो डावा, तर तुम्ही उजवा का दिला?”

“ताई, देताना उजवाच देतात ना,” मी म्हणालो.

आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. टेक्निशियनला मराठी कळत नव्हती, तरी तोही हसला. मग मी शिरेचा आणि पित्ताशयाचा माझा सगळा सिद्धान्त मांडला. पण ते ऐकून झाल्यावर त्या गंभीर झाल्या. “नाही काका, चूक माझी आहे. चिठ्ठी बघून, तुमच्या तोंडून वदवून मगच सुई हातात घ्यायला पाहिजे होती मी. गप्पांत राहून गेलं. सॉरी.” असं सरळ सांगणारं माणूस मला आवडतं. मी म्हणालो, उजव्या हाताचीही तब्येत कळली, काय बिघडलं?

त्यांनी तिथूनच हाडांच्या डॉक्टरांना फोन लावून झालेलं सगळं सांगितलं. मग उत्तर आलं: डाय गेलाच आहे तर स्कॅन घेऊन टाका, तुलनेला होईल, आणि मग डावा करा. डाय सांध्यात फार वेळ टिकत नाही, त्यामुळे मला लगेच पलीकडच्या खोलीत नेलं. पालथं झोपवलं, हात डोक्याच्या वर लांब ताणलेला. नदी पोहून जाणारा माणूस मधेच थिजावा तसा मी पडून राहिलो. यंत्र गुरगुरलं आणि थांबलं. झालं.

डाव्याच्या वेळी थाट वेगळा. बायकोला साक्षीला बोलावलं. “ह्यांचा दुखरा हात कोणता?” डॉक्टरांनी विचारलं.

“डावा,” बायको म्हणाली. “का? हे काय म्हणाले?”

डॉक्टरांनी घाईनं मास्क नीट केला. मग मला स्वतःला दाखवायला लावलं, मोठ्यानं बोलायला लावलं, आणि माझ्यासमोर फुली मारली. या वेळी गप्पा नाहीत. पडद्यावर तर्जनीत सुईचं टोक चमकलं तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. डाय आत गेला, मनगट हलवलं, आणि तो पलीकडे झिरपला. अगदी तिथूनच. म्हणजे भोक इथंही. मी डोळे मिटले.

रिपोर्ट घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जायला मधे काही दिवस होते. एका दुपारी बायको बाजारात गेली असताना मी साधी कात्री काढली, जुन्या अस्तरावर बाही आखली आणि उजव्या हातानं कापायला घेतली. म्हटलं, बघू तरी. डावा नसलाच तर काय उरतं. लहानपणी जिथं सोडलं होतं तिथंच होतो. कापड पात्यांत दुमडत होतं, गोलाईला कोपरे पडत होते. मी दुसरी बाही आखली, मग तिसरी. मान वर केली तर बायको दारात उभी, हातात भाजीची पिशवी. एरवी तिच्याकडे माझ्यासाठी टोमणा तयार असतो. या वेळी तिनं पिशवी ठेवली, केरसुणी घेतली आणि चिंध्या गोळा केल्या.

डॉक्टरांच्या पडद्यावर दोन मनगटं शेजारी शेजारी उभी होती. पांढरा डाय, राखाडी हाडं. डॉक्टर कितीतरी वेळ एकातून दुसऱ्यात जात होते. मग त्यांनी माझी खुर्ची जवळ ओढली.

“डाव्यात भोक आहे. हे इथं.”

“दिसलं,” मी म्हणालो.

“उजव्यातही आहे. तिथंच, तेवढंच, कडा तशाच गुळगुळीत. उजवा कधी दुखला?”

“कधीच नाही.”

“मग डाव्याच्या भोकावर खापर कसं फोडू? वय वाढतं तशी ही गादी पुष्कळ जणांची झिजते. त्यांना पत्ताही नसतो. फक्त डावा फोटो समोर असता, तर मी तुम्हाला ऑपरेशनची तारीख दिली असती.” त्यांनी पुन्हा दोन्ही फोटोंकडे पाहिलं. “बहुतेक दिलीच असती.”

त्यांनी माझं डावं मनगट हातात घेतलं, वळवलं आणि करंगळीच्या बाजूला एका जागी अंगठा दाबला. मी खुर्चीतून उठलो. गादीवर नाही, तिच्यावरून जाणाऱ्या स्नायूच्या दोरीवर. ती सुजली होती. मग त्यांनी मला कात्री धरल्यासारखं करून दाखवायला सांगितलं. टेबल किती उंच, कात्री किती जड, सगळं विचारलं. टेबल वडिलांच्या उंचीचं होतं. मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आहे, म्हणजे आयुष्यभर मनगट मोडून कापत आलो. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला, काही आठवडे कात्री बंद, मग हलकी कात्री आणि उंच टेबल. नाही थांबलं तर पुन्हा बघू. आत्ता ऑपरेशन नाही.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा तुमचा वेंधळेपणा उपयोगी पडला.”

“दुसऱ्यांदा,” मी म्हणालो आणि तर्जनी दाखवली. तिनं रिक्षा थांबवली.

टेबलाच्या पायांखाली आम्ही लाकडी ठोकळे घातले. कामगार कुरकुरले, त्यांच्यासाठी पाट ठेवला. नागपूरच्या डॉक्टरांचे पडदे झाले. ते कापायच्या वेळी मी अजून पट्ट्यात होतो, म्हणून बायकोनं सरळ रेघेत कापले आणि मी नुसत्या सूचना दिल्या, ज्याचा तिला माझ्या मनगटाच्या दुखण्यापेक्षा जास्त त्रास झाला. सावजी मसाला मात्र वेळेवर आला.

पट्टा निघाला तेव्हा अक्का नातीच्या लग्नाचं कापड घेऊन आल्या. हिरवं पैठणी ब्लाउजचं कापड, जरीचा काठ. नव्यानं उंच केलेल्या टेबलाकडे त्यांनी संशयानं पाहिलं आणि नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. मी हलकी कात्री काढली, उलट्या पात्यांची. डाव्या हातात घेतली. त्यांच्यासमोर.

“काय रे? हात चुकला.”

“चुकला नाही, अक्का. हा हात तपासून आणलाय. आत डाय घालून, यंत्रात ठेवून. डॉक्टरांनी पास केलाय.”

अक्कांनी कुंकवाची डबी उघडली.

“आणि उजवा? बायको तुझी सांगत होती, त्याचंही सगळं बघितलं म्हणे.”

“बघितलं.”

“तो पण पास?”

“तो पण.”

“आणि तो दुखत पण नाही.”

“नाही.”

“मग त्यानंच कर की सुरुवात. स्वल्प चीर दे, पुढं तुझं तू काय ते कर. मी कुठं बघत असते?”

मी साधी कात्री घेतली, उजव्या हातानं काठाला बोटभर चीर दिली. अक्कांनी हळदकुंकू लावलं, सरी म्हणाल्या आणि वळल्या. त्या पायरी उतरल्या तशी मी कात्री बदलली. डाव्या हातानं पहिली गोलाई कापायला घेतली. मनगटात ‘कट्ट’ झालं नाही. बायकोनं मशीन थांबवून कान दिला होता. कात्री बाहीच्या टोकापर्यंत न अडखळता गेली, तेव्हा तिनं पुन्हा पायडल मारलं.